शिक्षा आणि शिक्षण

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघांत बदलतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस नवी नाहीं. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ कोणत्या दिशेनें बदलला हें पाहिलें म्हणजे तो शब्द वापरणाऱ्या समाजाच्या मनाचाहि थोडासा ठाव लागतो, इकडे मात्र आमचें लक्ष क्वचितच जातें. 'शिक्षा' हा शब्द घ्या. संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकणें आणि शिकविणें. वेदांच्या सहा अंगांत शिक्षा हें एक अंग आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभींची वल्ली शिक्षावल्ली या नांवानेंच ओळखली जाते. शेजारच्या हिंदींत आजहि शिक्षा म्हणजे विद्यादान. मराठींत मात्र शिक्षा म्हणजे दंड, मार, तुरुंग. शिकविण्याचा अर्थ आम्हीं 'शिक्षण' या धाकट्या भावंडाच्या स्वाधीन केला आणि वडील शब्दाच्या हातीं छडी दिली. मारल्यावांचून शिकवितां येत नाहीं, असा कित्येक पिढ्यांचा समज असल्याखेरीज हा पालट झाला नसता, असें आम्हांस वाटतें. 'चांगला धडा शिकवला' असें आपण म्हणतों तेव्हां कोणीं कोणास कांहीं शिकविल्याची शंकाहि कोणाच्या मनांत येत नाहीं.

हा विचार आमच्या मनांत येण्यास जें पुस्तक कारण झालें त्याचा विषय भाषाशास्त्र नसून जनावरें हा आहे. कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंचें 'डोंट शूट द डॉग!' हें पुस्तक १९८४ सालीं निघालें, आणि १९९९ सालीं त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली. 'कुत्र्याला गोळी घालूं नका' हें नांव पाहून एखाद्या प्राणिदयावादी लेखिकेचा कळवळ्यानें भरलेला उपदेश यांत असेल अशी वाचकाची समजूत होईल. ती चुकीची आहे. पुस्तकांत कळवळा बेताचा, उपदेश त्याहून कमी, आणि रोखठोक कारागिरी पुष्कळ आहे. चाळीस वर्षांचें जुनें पुस्तक आज परीक्षणास घेण्याचें कारण एवढेंच कीं, आमच्या शहरांतून कुत्रीं आणि मांजरें ओसरीवरून उठून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील बंद घरांत राहावयास गेलीं आहेत, आणि त्यांच्या 'वाईट खोडीं'विषयींच्या तक्रारी शेजाऱ्यांच्या बैठकींत रोज ऐकूं येतात. त्या तक्रारींवर जो उपाय सुचविला जातो तो बहुधा पहिल्या अर्थाच्या शिक्षेचा नसून दुसऱ्या अर्थाच्या शिक्षेचा असतो.

प्रायरबाईंच्या पुस्तकाचें मोल कळण्यास त्यापूर्वीं या विषयावर काय लिहिलें जात होतें तें पाहिलें पाहिजे. जर्मनींतील पोलिस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचें कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक १९१० सालचें. जनावर कसें शिकतें याचें मोस्ट यांचें निरीक्षण कित्येक ठिकाणीं अचूक आहे. परंतु मनुष्य आणि कुत्रा यांचें नातें जेत्याचें व जिताचें आहे, हें गृहीतच धरून तें लिहिलेलें आहे. १९६२ सालीं निघालेल्या विल्यम कोलर यांच्या अमेरिकन पुस्तकांत अंगणांत खड्डे उकरणाऱ्या कुत्र्यासाठीं जो उपाय सांगितला आहे, तो असा कीं, तोच खड्डा पाण्यानें भरावा आणि कुत्र्याचें तोंड त्या पाण्यांत बुडवून धरावें. हें वाचून कोणीं असें समजूं नये कीं हे गृहस्थ क्रूर होते. कुत्र्याच्या हिताचीच आपणांस कळकळ आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. क्रौर्यास प्रामाणिक समजुतीचा आधार मिळाला म्हणजे तें किती निश्चिंत मनानें वावरूं लागतें, याचा हा एक नमुना आहे.

यानंतरची पायरी अधिक विचार करण्यासारखी आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील न्यू स्कीट येथील ख्रिस्ती मठांत संन्यासी लोक अल्सेशियन जातीचीं कुत्रीं पाळतात आणि वाढवितात. त्यांनीं १९७८ सालीं कुत्र्यांच्या संगोपनावर एक पुस्तक लिहिलें. त्याची भाषा सौम्य, भक्तिभावाची आणि कित्येक ठिकाणीं खरोखर सुंदर आहे. पण त्याच पुस्तकांत, कुत्र्यानें मर्यादा सोडली असतां त्याला उताणें पाडून, मानेशीं धरून, डोळ्याला डोळा भिडवावा, म्हणजे घरांतील 'मुखत्यार लांडगा' कोण हें त्यास कळतें, असाहि सल्ला होता. सौम्य भाषेच्या पोटांत हा सल्ला आला कोठून? तो आला शास्त्राच्या नांवाखालीं. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकांनीं बासलच्या प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं एक प्रबंध प्रसिद्ध केला होता. कोंडलेल्या जागेंत एकत्र ठेवलेले ते लांडगे अग्रस्थानासाठीं परस्परांशीं झगडत असत. डेव्हिड मेच यांच्या १९७० सालच्या 'द वुल्फ' या ग्रंथामुळें ती कल्पना सर्वत्र पसरली. आणि लांडगा हा कुत्र्याचा पूर्वज, म्हणून कुत्राहि घरांत सत्ता बळकावूं पाहतो, असा सिद्धांत घरोघर गेला.

पुढें मेच यांनींच उत्तरध्रुवाजवळील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचें वर्षानुवर्षें निरीक्षण केलें, आणि १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतील कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांचीं पिलें यांचें कुटुंब असतें; तेथें अग्रस्थान लढून मिळवावयाचें नसतें, तें आईबापांकडे आपोआपच असतें. म्हणजे तुरुंगांतील कैद्यांचे तंटे पाहून कोणीं मनुष्यजातीच्या गृहस्थाश्रमाचे नियम बसवावे, तसाच हा प्रकार झाला होता. आपलें जुनें पुस्तक यापुढें छापूं नये म्हणून मेच यांनीं प्रकाशकांस गळ घातली. आणि न्यू स्कीटच्या संन्याशांनीं २००२ सालच्या आवृत्तींत तो उताणें पाडण्याचा सल्ला मागें घेतला. ग्रंथकारानें स्वतःचा सिद्धांत स्वतःच्या हातानें पुसून टाकावा, हें वाङ्मयाच्या व्यवहारांत फार थोड्या वेळां घडतें. या दोन माघारींबद्दल आम्हांस त्या ग्रंथकारांविषयीं वाटणारा आदर त्यांच्या मूळ पुस्तकांनीं उत्पन्न केलेल्या आदराहून मोठा आहे. मात्र माघारीची वार्ता मूळ वार्तेच्या मागोमाग पोंचत नाहीं. आजहि आमच्याकडे 'त्याला एकदां मालक कोण तें दाखवा' हा सल्ला देणाऱ्याच्या मुखांतून तोच टाकून दिलेला लांडगा बोलत असतो.

प्रायरबाईंचें शिक्षण वेगळ्या शाळेंत झालें. १९६३ च्या सुमारास हवाई बेटांतील सी लाइफ पार्क येथें डॉल्फिन माशांना (खरें पाहतां ते मासे नव्हत, सस्तन प्राणी होत) शिकविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. डॉल्फिनला लगाम घालतां येत नाहीं, साखळी बांधतां येत नाहीं, छडी दाखवितां येत नाहीं. तो रागावला तर पाठ फिरवून तळाशीं जातो, आणि शिक्षक कांठावर कोरडाच राहतो. हातांत केवळ एक शिटी आणि माशांची बादली. या असहायतेंतून या पुस्तकाचा जन्म झाला. सामर्थ्य नसल्यामुळें कला शोधावी लागली, असा हा दुर्मिळ प्रकार आहे. एरवीं पुष्कळ ठिकाणीं सामर्थ्य हातीं असल्यामुळेंच कला शोधण्याची कोणास गरज भासत नाहीं. वर्गांत उभ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसानें हें वाक्य दोनदां वाचावें.

या शाळेचा मूळ सिद्धांत थोडक्यांत असा. ज्या कृतीच्या पाठोपाठ प्राण्यास हवेसें कांहीं मिळतें ती कृति तो पुन्हां करतो. यास मानसशास्त्रांत प्रबलन म्हणतात. थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं मांजरांना पेटींत कोंडून हें दाखविलें, आणि स्किनर यांनीं १९३८ सालच्या ग्रंथांत त्याची शिस्तशीर मांडणी केली. प्रायरबाईंचें स्वतःचें योगदान नवा सिद्धांत सांगण्यांत नाहीं. प्रयोगशाळेंतील ही गोष्ट स्वयंपाकघरांत आणि अंगणांत कशी आणावी, हें दाखविण्यांत आहे. बक्षीस किती मोठें यापेक्षां तें नेमकें कोणत्या क्षणीं मिळालें याला महत्त्व अधिक. शिटीचा आवाज हा त्या क्षणाची खूण करतो. अवघड कृति एकदम न मागतां तिच्या दिशेनें पडलेल्या लहान पावलाचेंहि स्वागत करावें. इत्यादि गोष्टी त्यांनीं इतक्या सोप्या करून सांगितल्या आहेत कीं, वाचकास त्या पूर्वींपासून ठाऊकच होत्या असें वाटूं लागतें. सुबोध लेखनाची याहून मोठी कसोटी आम्हांस माहीत नाहीं.

पुस्तकाचा गाभा म्हणजे नको असलेलें वर्तन घालविण्याचें प्रकरण. बाईंच्या मतें असे मार्ग जगांत आठच आहेत. आमच्याकडील एक उदाहरण घेऊन ते पाहूं. नवरा-बायको दोघेहि नोकरीस जातात. मागें बंद घरांत एकटें राहिलेलें कुत्रें दुपारभर भुंकतें. शेजारी संतापले आहेत. पहिला मार्ग कुत्र्याचीच बोळवण करणें. दुसरा मार्ग मारणें. तिसरा, त्याला नकोसें कांहींतरी चालू करून भुंकणें थांबतांच तें बंद करणें. चौथा, लक्षच न देणें. हे चार मार्ग निषेधाचे. पांचवा, भुंकण्याशीं जुळणार नाहीं असें दुसरें काम शिकविणें. सहावा, सांगितल्यावरच भुंकावें असें शिकवून पुढें तें सांगणेंच सोडून देणें. सातवा, गप्प राहिल्याच्या क्षणांना बक्षीस देणें. आठवा, भुंकण्याचें कारणच नाहींसें करणें. म्हणजे सकाळीं त्याला भरपूर फिरवून आणणें, एकटेपणाची संवय मिनिटामिनिटानें वाढवीत नेणें, दुपारीं कोणीतरी त्याच्यापाशीं जाईल अशी व्यवस्था करणें. आठहि मार्ग एका ओळींत मांडल्यावर वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, आपण आजवर पहिल्या चारांतच घुटमळत होतों, आणि शेवटच्या मार्गाची वाट त्या मुक्या प्राण्याच्या दुःखाकडे जाते. शेवटल्या मार्गास हात घालण्यासाठीं 'हें कां भुंकतें?' असा प्रश्न विचारावा लागतो. मारणाऱ्यास तो विचारण्याची गरज नसते. हीच मारण्याची सर्वांत मोठी सोय, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा दोष.

मारानें काम होत नाहीं असें बाई म्हणत नाहींत. कधीं कधीं होतें, आणि तेंच घातक आहे. मारणाऱ्यास क्षणभर शांतता मिळते, म्हणजे बक्षीस त्यालाच मिळतें, आणि मारण्याची संवय कुत्र्याच्या नव्हे, मालकाच्या अंगीं बळावते. मार काय करूं नये तें कदाचित् सांगतो. काय करावें तें कधींच सांगत नाहीं. शिवाय मार आणि अपराध यांमध्यें चार घटकांचें अंतर पडलें तरी जनावर माराचा संबंध अपराधाशीं न जोडतां मारणाऱ्या हाताशीं जोडतें. या म्हणण्यास पुढील काळांत पुष्टि मिळाली आहे. २००९ सालीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांच्या जबान्या प्रसिद्ध केल्या. ज्या कुत्र्यांस मारण्याचा किंवा लाथ घालण्याचा उपाय झाला होता त्यांपैकीं शेंकडा ४३ उलट अंगावर आलीं. उताणें पाडून धरलेल्यांपैकीं शेंकडा ३१. हीं कुत्रीं मुळांतच बिघडलेलीं होतीं आणि जबान्या मालकांच्या होत्या, हें ध्यानांत घेऊन या आंकड्यांचें वजन करावें. परंतु तें वजा केल्यावरहि जें उरतें तें थोडें नाहीं.

येथें आम्हांस एक खुलासा केला पाहिजे, कारण परीक्षक या विषयांत किती तटस्थ आहे हें जाणण्याचा वाचकांस हक्क आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एक कुत्रें होतें. आम्ही कॉलेजांतून परत आलों कीं एखादें पुस्तक कुरतडलेलें आणि दिवाणखान्यांत घाण केलेली, असें वारंवार आढळे. आम्ही त्याला मानेशीं धरून त्या जागेपर्यंत नेत असूं आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीनें दोन रट्टे देत असूं. पुढें पुढें कुलपांत किल्ली फिरतांच तें कान पाडून, शेपूट पोटाशीं घेऊन कोपऱ्यांत जाई. 'पहा, त्याला आपला गुन्हा कसा कळतो!' असें आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांस कौतुकानें सांगत असूं. अपराधाची जाणीव आहे, तरी खोड सोडीत नाहीं, म्हणजे कोडगें आहे, असा निवाडा करून आम्हीं रट्ट्यांची संख्या वाढविली. एके दिवशीं आमची धाकटी मुलगी सकाळचें वर्तमानपत्र हातांत घेऊन त्याच्याशेजारून जात होती. तें न गुरगुरतां तिच्या हाताला चावलें. जखम भरून आली. कुत्रें आम्हीं एका परिचितांच्या शेतावर पोंचविलें. म्हणजे आठांपैकीं दुसरा मार्ग पुरा करून आम्ही पहिल्यावर आलों.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींचा २००९ सालचा प्रयोग आमच्या वाचनांत आला. त्यांनीं १४ कुत्र्यांवर असें पाहिलें कीं, ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतों तो कुत्र्यानें खरोखर अपराध केला होता कीं नाहीं यावर अवलंबून नसून मालक रागावला कीं नाहीं यावर अवलंबून असतो. निरपराध असून बोलणीं खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो अधिकच ठळकपणें दिसला. आमचें कुत्रें किल्लीच्या आवाजानें जें करीत होतें ती कबुली नव्हती, ती भीति होती. आणि ती भीति वाचतां न येणारा मनुष्य शहरांत वाङ्मयाचा अर्थ शिकवीत होता. मालक बाहेर गेला कीं सैरभैर होऊन वस्तु कुरतडणें, घाण करणें हा कुत्र्यांत नेहमीं आढळणारा, उपचार होऊं शकणारा विकार आहे, हेंहि आम्हांस तेव्हांच कळलें. म्हणून प्रायरबाईंचें पुस्तक आम्हीं परीक्षकाच्या नजरेनें वाचण्यापूर्वीं आरोपीच्या नजरेनें वाचलें आहे.

असें असूनहि, किंबहुना असें असल्यामुळेंच, या पुस्तकाचे दोष सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पहिला दोष असा कीं, बाईंच्या कोष्टकांत टेबलावर चढणारें मांजर, रात्रीं भुंकणारें कुत्रें, कपडे इतस्ततः टाकणारा खोलींतील सोबती आणि घरीं आल्यावर चिडचिड करणारा जोडीदार, सर्व एका पंक्तीस बसले आहेत. यांत विनोद आहे, आणि मनुष्याच्या अहंकारास बसलेला हलका चिमटाहि आहे. परंतु मनुष्यास आपण कारण सांगूं शकतों आणि त्याचें कारण ऐकूं शकतों. तें न करतां त्यास न कळत वळण लावणें, हें मारण्याहून सौम्य असलें तरी आदराचें नव्हे. कुत्र्याशीं असा व्यवहार करणें हा त्याच्या भाषेंत बोलण्याचा प्रयत्न आहे. माणसाशीं तोच करणें हें त्याची भाषा नाकारणें आहे. हा भेद बाईंस दिसत नाहीं असें नाहीं, पण त्यावर त्या थांबत नाहींत.

दुसरा दोष, प्रत्येक जातीच्या उपजत स्वभावास या पुस्तकांत मिळालेली जागा आम्हांस अपुरी वाटते. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हें दांपत्य स्किनर यांच्या हाताखालीं तयार झालेलें. त्यांनीं नाना जातींचे प्राणी शिकवून १९६१ सालीं जो निबंध लिहिला, तो या शास्त्रांतील प्रांजलपणाचा आदर्श आहे. रॅकून या प्राण्यास नाणें पेटींत टाकावयास शिकविलें. कांहीं काळानें तो नाणीं टाकण्याऐवजीं, अन्न धुतल्यासारखीं, परस्परांवर घांसत बसूं लागला. डुकरें तेंच नाणें वाटेंत टाकून नाकानें उकरीत राहिलीं. बक्षिसानें हा उपजत ओढा दबला नाहीं, उलट वाढला. तात्पर्य, मांजराला नख्या घांसूं नकोस असें शिकवितां येणार नाहीं. त्याला घांसण्यासाठीं सुंभ गुंडाळलेला खांब द्यावा लागतो, आणि तो खांब त्याच्या आवडत्या जागीं, म्हणजे बहुधा आपल्या नव्या कोचाशेजारींच, ठेवावा लागतो. तडजोड माणसानेंहि करावयाची असते.

तिसरी गोष्ट दोषापेक्षां अपुरेपणाची. ज्यास आपण खोड म्हणतों तें पुष्कळदां दुखणें असतें. ठरलेल्या पेटींत लघवी करणारें मांजर एकाएकीं गादीवर करूं लागलें, तर मूत्रमार्गाचा विकार आहे कीं काय हें प्रथम पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. शांत कुत्रें हात लावतांच चावूं लागलें, तर सांधा, दांत किंवा कान ठणकत असण्याचा संभव असतो. तेथें शिक्षा नको आणि शिक्षणहि नको, औषध हवें. भीतीचेंहि तसेंच आहे. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें पलंगाखालीं शिरून थरथरणारें कुत्रें आज्ञाभंग करीत नसतें. जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत भेदरलेल्या मांजरांवरील उपाय वर्णिला आहे. भीतीच्या जागेशीं थोडेंसेंच साम्य असलेल्या खोलींत प्रथम खाऊं घालावें, मग थोड्या अधिक साम्याच्या, आणि असें करीत मूळ जागेपर्यंत यावें. याच धर्तीवर दिवाळीच्या कित्येक आठवडे आधींपासून फटाक्यांचा मुद्रित आवाज अगदीं मंद लावून आवडतें खाणें द्यावें, आणि कुत्रें स्वस्थ आहे असें पाहूनच आवाज केसभर वाढवावा. घाई केली तर सगळें मुसळ केरांत. वोल्पे यांच्या मांजरांस ती भीति त्यांनीं स्वतःच विजेचे झटके देऊन लावली होती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. दयेच्या या शास्त्राचीं मुळें निर्दय मातींत आहेत, आणि तें ऋण लपविणें बरें नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं कांहीं म्हणतील कीं, हे सारे लाड आहेत. जनावराला जनावरासारखें ठेवावें. त्यांस आमचें उत्तर असें कीं, लाड आणि शिक्षण यांत गल्लत करूं नये. मागितलें कीं देणें हा लाड. योग्य क्षण येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून वाट पाहणें आणि त्याच क्षणीं देणें हें शिक्षण. त्यास मारण्याहून अधिक श्रम, अधिक संयम आणि अधिक लक्ष लागतें. मारणें हाच खरा आळस आहे. आणि परदेशच्या पुस्तकांचें साक्ष्य ज्यांस रुचत नसेल त्यांनीं आपलें महाभारत उघडावें. आदिपर्वाच्या आरंभींच, कुरुक्षेत्रावर जनमेजयाचें दीर्घ सत्र चालू असतां तेथें आलेल्या कुत्र्याच्या पिलास राजाचे भाऊ झोडपून काढतात. पिलूं रडत आईकडे जातें. आई विचारते, तूं कांहीं आगळीक केली असशील. तें सांगतें, मी हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं आणि त्यास जीभहि लावली नाहीं. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत येऊन विचारते कीं, माझ्या निरपराध मुलास कां मारलेंत? राजसभेंत कोणाकडेच उत्तर नसतें. मग ती शाप देते कीं, ज्याची कल्पना नाहीं असें भय तुमच्यावर येईल.

ही कथा आम्हीं लहानपणापासून ऐकली होती. तिचा अर्थ मात्र आमच्या मुलीच्या हाताला पट्टी बांधतांना कळला. गुरगुरणें ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. गुरगुरल्याबद्दल आपण त्याला मारतों. तें सूचना देणें सोडून देतें, भीति मात्र सोडीत नाहीं. मग एके दिवशीं 'कांहीं कारण नसतां एकाएकीं चावलें' असें आपण म्हणतों. सरमेच्या शापांत अद्‍भुत कांहीं नाहीं. तो एक साधा कार्यकारणभाव आहे, आणि प्राचीन ग्रंथकारानें तो राजाच्या यज्ञाच्या दारांत, आपल्या कथेच्या अगदीं आरंभीं, मांडून ठेवला आहे. सरमेच्या आधीं आईनें मुलालाच जाब विचारला, ही गोष्टहि विसरूं नये. तिनें प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून घेतलें. राजपुत्रांनीं तेवढेंहि केलें नव्हतें.

आमच्या देशांत १९६० सालच्या कायद्यानें जनावरांस निष्कारण मारणें हा गुन्हा ठरविला, आणि पहिल्या गुन्ह्यास पन्नास रुपयांच्या आंतील दंड नेमून दिला. शाळेंतील मुलांस मारण्याची बंदी २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें घातली. पन्नास रुपयांच्या भयानें कोणी हात आवरील असें आम्हांस वाटत नाहीं. आणि भयानें आवरलेला हात हा पुन्हा त्याच जुन्या अर्थाच्या शिक्षेचा विजय होईल. हात आवरावयाचा तो दुसरें कांहीं करतां येतें हें ठाऊक झाल्यामुळें आवरला पाहिजे. तें दुसरें कांहीं काय, हें प्रायरबाईंचें पुस्तक सांगतें. त्यांतील उल्हास कधीं कधीं अति वाटतो, मनुष्यासंबंधींचीं विधानें उथळ वाटतात, आणि उदाहरणें आमच्या घरांहून फार दूरचीं आहेत. तरीहि ज्याच्या घरीं कुत्रें वा मांजर आहे त्यानें हें पुस्तक वाचावें, आणि ज्याच्या हाताखालीं विद्यार्थी आहेत त्यानें त्याच्याहि आधीं वाचावें, अशी आमची शिफारस आहे. मराठींत यासारखें एखादें पुस्तक कोणा जाणत्या पशुवैद्यानें आमच्या घरांचीं, जिन्यांचीं आणि दिवाळीचीं उदाहरणें घेऊन लिहिलें, तर त्याचें फार मोठें उपकार होतील.

आमचें तें कुत्रें शेतावर आणखी सात वर्षें जगलें. तेथें त्यानें कोणास चावल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. एकदां आम्ही त्यास पाहावयास गेलों होतों. तें शेपूट हलवीत बांधापर्यंत आलें, आणि आमच्या खाकेंत वर्तमानपत्र आहेसें पाहून तेथेंच थांबलें.